जातगोट्याची बंद वाट

१

त्या सकाळी बुधरीच्या टोपलीत जेमतेम दोन मुठी मोहफुलं पडली होती. तिसऱ्या मुठीतली फुलं बोटांना चिकटली. मोह चिकट असतोच, म्हणून तिनं आधी लक्ष दिलं नाही. हात लुगड्याला पुसला, तेव्हा काठावर लाल पट्टा उमटला. मग तिनं मान वर केली.

आठ-दहा पावलांवर एक माणूस उताणा पडला होता. अंगात वाटाड्याचं हिरवं जाकीट, गळ्यात नावाचा बिल्ला. चेहरा मात्र उरला नव्हता. कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळं ठेचून एक झालं होतं आणि त्यावर मुंग्या चढू लागल्या होत्या. बुधरीला बिल्ला वाचता येत नव्हता. तिनं ओळखलं ते उजव्या घोट्यावरच्या काळ्या दोऱ्यावरून. तो देवानंद होता, केवळराम शेंड्यांचा एकुलता एक मुलगा.

आलापल्लीहून वीसेक किलोमीटर आत तुमरीटोला आहे. गावामागच्या डोंगरावर जात्यासारखे गोल, चपटे, काळे खडक एकावर एक रचल्यासारखे उभे आहेत. त्यांना जातगोटा म्हणतात. चार वर्षांपूर्वी तिथवर पायवाट आखली गेली, गावातले पाच तरुण वाटाडे झाले आणि नागपूर-चंद्रपूरकडचे लोक सुट्टीला डोंगर चढायला येऊ लागले. गेल्या श्रावणात पायल वैरागडे नावाची एक पाहुणी गोट्याच्या माथ्यावरून पलीकडच्या दरीत पडून मेली. तेव्हापासून वाटेचा शेवटचा टप्पा बांबू आडवे बांधून बंद केला होता. देवानंद त्या बांबूंच्या पलीकडे मरून पडला होता.

बुधरी चार किलोमीटर धावत गावात आली. तासाभरात अर्धं गाव वर पोचलं. अस्वलानं मारलं, असं कुणीतरी म्हणालं. केवळराम गुडघ्यांवर बसला होता. त्यानं मुलाचं डोकं मांडीवर घेतलं आणि मागच्या बाजूनं हात फिरवला. तिथं कवटी आत गेली होती.

“अस्वल फाडते,” तो म्हणाला. “ह्याले कोणीतरी मागून हाणलं, मंग तोंड ठेचलं. हे माणसानं केलं.”

मग मागून कुणीतरी अमरचं नाव घेतलं.

२

सहायक पोलीस निरीक्षक रंजीता गेडाम यांची जीप तुमरीटोल्यात शिरली तेव्हा साडेनऊ वाजले होते. समाजमंदिरासमोरच्या हातपंपाला एक तरुण दोरानं बांधलेला होता आणि तीस-चाळीस माणसं त्याच्याभोवती होती. पुढे केवळराम होता. त्याच्या हातात मासे नेण्याच्या कावडीचा बांबू होता. तो बोलत नव्हता, शिव्या देत नव्हता, नुसता मारत होता. तरुणाचा डावा हात कोपराखाली भलतीकडे वळला होता आणि फाटलेल्या कातडीतून हाड दिसत होतं.

रंजीता सरळ मध्ये घुसली. पुढचा तडाखा तिच्या खांद्यावर बसला. तिनं बांबू धरला आणि सोडला नाही. केवळरामनं तिच्याकडे पाहिलं, वर्दीकडे पाहिलं आणि त्याचे हात खाली पडले. हवालदार नथ्थूनं दोर कापला.

बांधलेला तरुण अमर होता. तोही वाटाड्या, देवानंदच्या बरोबरीचा. दोघं लहानपणापासून एकत्र वाढलेले. आदल्या संध्याकाळी पाहुण्यांच्या कुटीसमोर दोघांचं भांडण झालं होतं आणि अमरनं देवानंदच्या कानाखाली मारली होती. अमर त्याला काय म्हणाला, हे रंजीतानं सहा जणांना वेगवेगळं विचारलं. सहाही जणांनी तेच सांगितलं: “वर गेला तं पाय तोडीन.” देवानंद त्यावर काय म्हणाला, हे मात्र एकालाही सांगता येईना.

अमरला जीपमध्ये चढवताना ती त्याच्याजवळ वाकली. त्याचे ओठ फाटले होते, दोन दात गेले होते. तरी तो शुद्धीवर होता.

“मी भांडलो बाई,” तो म्हणाला. “बंद वाटेनं पाहुण्याईले नेऊन राह्यला होता. कोणी अजून पडलं असतं तं पूरी पायवाट बंद झाली असती, म्हून भांडलो. मारलं नाई मी त्याले.”

“तो काय म्हणाला तुले?”

“म्हणे, मले वरतं नेऊन दाखवाच हाय. थे बाई कशी पडली, थे मले समजलं हाय.” अमरला धाप लागली. “जोरानं म्हणला. कुटीतल्या सगळ्याईनं आयकलं असन.”

रंजीतानं कुटीकडे पाहिलं. ओसरीवर तीन पाहुणे उभे होते. नथ्थूनं आणलेल्या कुटीच्या नोंदवहीत त्यांची नावं होती आणि त्यातलं एक आडनाव वैरागडे होतं.

३

तिघंही भद्रावतीचे. सुनिल वैरागडे हा शाळामास्तर, दरीत पडून मेलेल्या पायलचा नवरा. आचल ही पायलची धाकटी बहीण, वय तेवीस. तिसरा गोपाल, सुनिलचा लहानपणापासूनचा मित्र. त्याचा फोटो स्टुडिओ होता आणि सुट्ट्यांमध्ये तोच लोकांना घेऊन डोंगर चढायला जायचा. श्रावणातही तोच या नवराबायकोला घेऊन आला होता.

रंजीतानं त्यांना कुटीतच थांबवलं आणि आधी एकटी नथ्थूबरोबर वर गेली. तिचा बाप आलापल्लीच्या लाकूड आगारात ओंडके ढकलून म्हातारा झालेला. हे जंगल तिला नवं नव्हतं. मार्च संपत आला होता. सागाची झाडं खांबांसारखी उघडी उभी होती आणि त्यांची मोठमोठी पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती. फेब्रुवारीत वणवा फिरून गेला होता, त्यामुळे खालचे फुटवेही काळे पडले होते. हिरवं म्हणावं असं काही नजरेला पडत नव्हतं. फक्त पळस पेटल्यासारखा लाल.

प्रेताजवळ रक्त खूप होतं, पण ज्यानं ठेचलं तो दगड दिसत नव्हता. आजूबाजूला शंभर दगड होते, सगळे कोरडे. रंजीता त्यांच्यामधून हळूहळू फिरली. एका दगडापाशी थांबली. नारळापेक्षा थोडा मोठा. बाकीच्या दगडांचा माथा उन्हानं फिकट झालेला होता. याचा माथा काळपट होता, त्याला ओली माती आणि बारीक पांढऱ्या मुळ्या चिकटल्या होत्या. म्हणजे जी बाजू वर्षानुवर्षं जमिनीत होती ती वर आली होती.

तिनं हातमोजा घालून तो उलटा केला. खालच्या बाजूला रक्त होतं, आणि केस.

“मारल्यावर पालथा घालून ठेवला,” नथ्थू म्हणाला.

तिनं मान डोलावली. संध्याकाळी चारचौघांत कानाखाली मारणारा माणूस रागाच्या भरात दगड घालेलही, पण दगड फेकून पळेल. इथं कुणीतरी माणूस मेल्यावर थांबला होता. शांतपणे दगड परत ठेवून गेला होता. देवानंदचा मोबाइलही त्याच्या खिशात नव्हता. आणि भल्या पहाटे, आदल्याच दिवशी मार खाल्लेला देवानंद बंद वाटेनं अमरबरोबर वर आलाच कशाला असता? तो आला होता ज्याला काही दाखवायचं होतं त्याच्याबरोबर.

प्रेत खाली पाठवून ती कुटीकडे परतली. माणसांना बसवून विचारण्याची तिला सवय नव्हती. ती त्यांना चालवायची. ओसरीवर येऊन तिनं एकेकाला पायवाटेनं अर्ध्या डोंगरापर्यंत तिच्याबरोबर यायला सांगितलं. आचल म्हणाली, मला आधी न्या. आणि पहिल्या वळणापर्यंत पोचायच्या आतच ती म्हणाली, “मॅडम, देवानंदला मी मारलं. माझ्यामुळे मेला तो.”

४

तिला म्हणायचं होतं ते वेगळं. पायलचं प्रेत ताब्यात घ्यायला ती गेल्या श्रावणात आली होती, तेव्हा तिनं ताईच्या वाटाड्याला, देवानंदला, आपला नंबर दिला होता. ताईबद्दल कधी काही आठवलं तर सांग म्हणाली होती. सात महिने काही नाही. मग दहा दिवसांपूर्वी त्याचा फोन आला. फोनवर नाही सांगत, त्या जागेवर येऊन बघा, एवढंच तो म्हणाला. ताई जिथं गेली ती जागा मला बघायचीय, असं तिनं घरी सांगितलं. फोनचं कुणालाच सांगितलं नाही. भाऊजी तयार नव्हते. गोपालदादा म्हणाले, मी येतो सोबत, तेव्हा भाऊजी निघाले.

“भाऊजींवर संशय आहे तुमचा?” रंजीतानं विचारलं.

आचल म्हणाली, ताई आणि भाऊजींचं त्या दिवशी सकाळी भांडण झालं होतं. ताईनं निघण्याआधी तिला फोन करून सांगितलं होतं. पोलिसांना भाऊजींनी ते कधीच सांगितलं नाही.

सुनिल चालताना दोनदा अडखळला. चाळिशीचा, जाड भिंगाचा चष्मा, उजवा पाय किंचित ओढत चालणारा. श्रावणातला जबाब त्यानं पाठ केल्यासारखा म्हणून दाखवला. आम्ही तिघं माथ्यावर होतो. खडक ओला होता. पायल फोटोसाठी मागे सरकली आणि तिचा पाय घसरला. मी डोळ्यांनी पाहिलं. आज पहाटे तो झोपला होता, आठला उठला. ती कोणत्या बाजूला सरकली, डावीकडे की उजवीकडे, असं रंजीतानं विचारलं. तो उजवीकडे म्हणाला. पुढच्या वळणावर पुन्हा विचारलं तेव्हा डावीकडे म्हणाला.

गोपाल मात्र मोकळा माणूस होता. उंच, काटक, झपाझप चढणारा. रंजीताला चढ जाईल की नाही याचीही त्यानं विचारपूस केली. देवानंदबद्दल तो हळहळला. काल दुपारी तिघांना घेऊन देवानंद ओढ्यापर्यंत गेला होता, झाडांची माहिती देत होता, फार चांगला मुलगा होता. पहाटे आपण सातपर्यंत झोपलो होतो, उठून हातपंपावर तोंड धुतलं, असं तो म्हणाला. बोलता बोलता त्याचं लक्ष रंजीताच्या नजरेकडे गेलं. ती त्याच्या फिकट जाकिटाच्या बाहीकडे पाहत होती. मनगटाजवळ तळहाताएवढा तांबूस डाग होता, धुऊनही न गेलेला.

“हे होय,” तो हसला. “सकाळी आचलनंही विचारलं. काल देवानंदनं सागाचं पान हातावर चोळून दाखवलं ना. लाल भडक रंग येतो. मी हात बाहीला पुसला, तो जाईचना. या सागाचा रंग लई पक्का, मॅडम.”

रंजीता म्हणाली, हो, लहानपणी आम्हीही हात रंगवायचो. मग तिनं मान वर करून झाडांकडे पाहिलं आणि चालत राहिली.

खाली आल्यावर तिनं नथ्थूला तिघांचेही कालपासूनचे कपडे पंचनाम्यासाठी वेगवेगळ्या पिशव्यांत घ्यायला सांगितले. इतक्यात समाजमंदिराकडून आरडाओरडा ऐकू आला. लोकांना वैरागडे हे आडनाव कळलं होतं. केवळराम कुऱ्हाड घेऊन कुटीकडे येत होता.

५

या वेळी रंजीतानं त्याच्या हाताला हात लावला नाही. ती कुटीच्या पायरीवर बसून राहिली. सकाळी तू एका पोराचा हात तोडलास, तो दवाखान्यात आहे, असं तिनं त्याला शांतपणे सांगितलं. तो खुनी नव्हता. आता दुसऱ्याला तोडशील, आणि तोही नसला तर?

“मंग कोण होय, सांग,” केवळराम म्हणाला.

“उद्यापर्यंत थांब, केवळरामभाऊ.”

त्यानं कुऱ्हाड जमिनीत मारली, पात्याभर आत गेली, आणि तो तिथंच उकिडवा बसला. तिथून तो हलला नाही.

रंजीता बुधरीच्या घरी गेली. बुधरीनं सकाळपासून तोंड उघडलं नव्हतं. मराठी तिला तोडकीमोडकीच येत होती आणि पोलिसांसमोर तीही येत नव्हती. रंजीता तिच्या अंगणात बसली आणि गोंडीत बोलू लागली. मोह कसा पडतोय, या वर्षी उशीर झाला का, असंच काहीबाही. बुधरीनं तिला पाणी दिलं. मग स्वतःहूनच सांगू लागली.

श्रावणात ती त्या डोंगरावर सात्या, म्हणजे रानातल्या भुईछत्र्या, वेचत होती. खालच्या ओढ्याशी एक शहरी माणूस खडकावर बसला होता. जाड चष्म्याचा. एक पाय पाण्यात सोडलेला, घोट्याला फडकं बांधलेलं. देवानंद त्याला बसवून गावातून काठी आणायला गेला होता. तेवढ्यात वरून बाईची किंकाळी आली. चष्मेवाला उठला, पडला, पुन्हा उठला आणि वर लंगडत धावला. आपण भिऊन पळालो, असं बुधरी म्हणाली. नंतर कुणी विचारलं नाही. या महिन्यात मोह वेचताना देवानंद भेटला, तेव्हा सहज विषय निघाला आणि हे त्याला सांगितलं. त्याचा चेहरा बदलला. तो म्हणाला, मी काठी घेऊन आलो तेव्हा चष्मेवाला आणि त्याचा मित्र दोघंही वर होते, म्हणून मला वाटलं, बाई पडायच्या आधीच चष्मेवाला वर पोचला होता.

रंजीता कुटीत परतली तेव्हा ऊन उतरलं होतं. सुनिल खाटेवर बसला होता. तिनं दार लावलं आणि एकच वाक्य म्हटलं, “तुमची बायको पडली तेव्हा तुम्ही ओढ्याशी होता.”

सुनिलनं चष्मा काढला. तो हातातून निसटून जमिनीवर पडला आणि भिंगं फुटली.

सकाळी भांडण झालं होतं, हे त्यानं कबूल केलं. क्षुल्लक गोष्टीवरून, आता आठवतही नाही. वाटेत पाय मुरगळला, तेव्हा रागारागानं तोच म्हणाला, तुम्ही जा वर, मला नाही यायचं. पायल गोपालबरोबर गेली. किंकाळी ऐकून तो वर पोचला तेव्हा गोपाल एकटा कड्याशी उभा होता, रडत होता. पाय घसरला म्हणाला. मग म्हणाला, सुनिल, तुमचं भांडण झालंय, तू तिला सोडून खाली बसला होतास, पोलीस तुलाच धरतील. आपण तिघं सोबत होतो असं सांगू. तू डोळ्यांनी पाहिलंस असं सांग. मी आहे तुझ्या पाठीशी.

“त्यानं मला वाचवलं,” सुनिल म्हणाला.

“नाही,” रंजीता म्हणाली. “तुम्ही त्याला वाचवलंत.”

६

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तिघांना जातगोट्याच्या माथ्यावर नेलं. पुढे ती, मागे नथ्थू. केवळरामही मागून आला. त्याला कुणी अडवलं नाही. कुऱ्हाड मात्र नथ्थूनं खालीच ठेवून घेतली. माथा अंगणाएवढा सपाट होता आणि तीन पावलांवर तो एकदम संपत होता. खाली साठ-सत्तर फूट खडकाळ दरी. गोपालनं आल्याआल्या आचलला कड्यापासून आत घेतलं, जपून म्हणाला.

“गोपालभाऊ,” रंजीता म्हणाली, “काल सांगितलेली गंमत मला बघायचीय. सागाचं पान हातावर चोळून दाखवा.”

तो हसून वळला. आणि वळल्यावर त्याला दिसलं.

डोंगर डोळ्यांपुढे ओढ्यापर्यंत उघडा पसरला होता. हजार-दोन हजार सागाची झाडं असतील, एकाच्याही फांदीला पान नव्हतं. जी होती ती जमिनीवर, तपकिरी, करकरीत. त्यानं वाकून एक उचललं. ते हातात चुरा झालं आणि चुरा तपकिरीच राहिला.

“रंग कोवळ्या पानाला येतो,” रंजीता म्हणाली. “पावसाळ्यात. श्रावणात देवानंदनं तुम्हाला दाखवला असेल, तेवढंच तुमच्या लक्षात राहिलं. आचलनं अचानक डागाचं विचारलं आणि तोंडात आलं ते तुम्ही बोलून गेलात. मग तेच मलाही सांगावं लागलं. इथल्या माणसाची जीभ मार्च महिन्यात सागाच्या रंगाचं नाव घेणार नाही. ती बाही काल संध्याकाळीच तपासणीला गेलीय.”

आचल म्हणाली, परवा देवानंदनं कुठलंही पान चोळलं नाही; काल गोपालदादांनी सांगितलं तेव्हा वाटलं, माझंच लक्ष नसेल. हे बोलताना ती गोपालच्या अगदी शेजारी उभी होती.

गोपालनं तिचा दंड धरला. इतक्या झटकन की नथ्थूला हलताही आलं नाही. दुसऱ्या हातानं त्यानं तिचे केस मुठीत धरले आणि तिला कड्यावर ओढलं. तिचे पाय घसरले, टाचेखालचे खडे दरीत गेले.

“मागं व्हा,” तो म्हणाला. आवाज अजूनही मोकळाच होता. “एक गेली, दुसरी जाईल.”

“ताईला ढकललंस तू,” आचल म्हणाली.

“ओरडायला लागली ती. हात धरला फक्त. सुनिलला सांगते म्हणाली, थोबाडीत मारली मला.” तो सुनिलकडे पाहत होता. “तुला तरी कुठं हवी होती रे ती?”

सुनिल त्याच्यावर धावून गेला. लंगडत, चष्म्याविना, डोकं खाली घालून. गोपालनं आचलला सोडलं नाही, पण केस सोडले आणि मोकळ्या हातानं खडकावरचा दगड उचलून सुनिलच्या कपाळावर घातला. कवडी फुटावी तसा आवाज झाला. सुनिल पडला, पण पडताना त्यानं गोपालचा पाय कवटाळला. गोपालनं पुन्हा दगड घातला, आता पाठीवर. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा आचलनं त्याच्या मनगटात दात रोवले. रंजीताची काठी त्याच्या गुडघ्यावर बसली. एकदा, मग दुसऱ्यांदा त्याच जागी. गुडघा उलटा वळला. तो कड्यावर कोसळला, अर्धा आत, अर्धा बाहेर, आणि घसरू लागला.

केवळरामनं त्याची कॉलर धरली.

केवळरामनं एका हातानं त्याला धरलं होतं, आणि तो हात सोडला असता तर कुणीही त्याला काही बोललं नसतं. गोपाल खाली पाहून ओरडत होता. केवळरामच्या गळ्याच्या शिरा ताणल्या. मग त्यानं त्याला आत ओढलं, पालथा पाडला आणि त्याचं तोंड खडकावर दोनदा, तीनदा आपटलं. नाक फुटलं, दात फुटले. चौथ्यांदा रंजीतानं त्याचा हात धरला.

“बस भाऊ,” ती म्हणाली. “आता हा बोलला पाहिजे.”

७

गोपाल बोलला. कुटीसमोरचं भांडण त्यानं खिडकीतून ऐकलं होतं. देवानंदला काय समजलं हे त्याला ठाऊक नव्हतं, पण समजलं एवढं पुरेसं होतं. जेवणानंतर तो देवानंदला गाठून म्हणाला, आचलला पहाटेच वर यायचंय, अमर उठायच्या आत. तू आणि मी पुढे होऊ, सुनिल तिला मागून घेऊन येईल. देवानंदला संशय सुनिलचा होता: किंकाळी ऐकून तो वर धावला आणि मग त्यानंच ढकललं. खोटा जबाब सुनिलनं दिला, म्हणजे खोट सुनिलच्याच मनात, असा त्याचा सरळ हिशेब होता. म्हणून गोपालला एकट्यालाच आधी सगळं सांगता येईल, असं त्याला वाटलं. बांबू ओलांडून गोट्याच्या पायथ्याशी पोचल्यावर देवानंदनं बुधरीनं सांगितलेलं सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर पुढची वाट दाखवायला वळला. गोपालनं त्याच्या मागून दगड घातला. तो खाली पडूनही गोपालचंच नाव घेऊन हाक मारत होता, म्हणून तोंडावर घातला. मोबाइल ओढ्याच्या डोहात सापडला.

गुन्हेगाराला कड्यावर नेणं ही चूक होती. रंजीतानं ती अहवालात स्वतःच लिहिली. सुनिल वाचला, पण त्याचा एक डोळा गेला. खोट्या जबाबाचा गुन्हा त्याच्यावर दाखल झाला. आपण त्या दिवशी खरं बोललो असतो तर देवानंद जिवंत असता, हे त्यानं आचलला दवाखान्यात सांगितलं. ती हो म्हणाली आणि बाहेर गेली.

देवानंदचं प्रेत तिसऱ्या दिवशी मिळालं. त्याच दवाखान्यात वरच्या मजल्यावर अमर होता, हाताला प्लास्टर, तोंड सुजलेलं. केवळराम जिना चढून त्याच्या खाटेपाशी गेला. रंजीता दाराबाहेर थांबली.

केवळराम म्हणाला, “खांद्याले एक माणूस कमी पडून राह्यला, बाबू.”

अमरनं त्याच्याकडे पाहिलं नाही. “कमी कसा? पूरं गाव हाय तुमच्याकडं. मले बांधाले चाळीस जण होते.”

केवळराम खाली बसला, खाटेच्या लोखंडी पायाशी, फरशीवर. तो नुसता अमरच्या प्लास्टरकडे पाहत होता.

“हा हात सरळ होनार नाई म्हणते डॉक्टर,” अमर म्हणाला. “हे मी विसरनार नाई, काका. तुम्ही बी विसरू नका.”

“नाई विसरत.”

अमरनं पाय खाली सोडले. उठताना त्याला चक्कर आली आणि त्यानं आधाराला केवळरामचं डोकं धरलं. तसाच थोडा वेळ उभा राहिला.

“उजवा खांदा ठीक हाय माझा,” तो म्हणाला. “चला.”